अहो, मी आत आहे

विश्वनाथ टिपणीसांना दिवे बंद करायची खोड होती, आणि ती साधीसुधी नव्हती. तीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत असलेला माणूस. संध्याकाळी सहाला निघताना आपल्या खोलीचे दिवे तर सोडाच, अख्ख्या कॉरिडॉरमधल्या ट्यूबलाइट बंद करत जायचा. एकदा जॉइंट सेक्रेटरी आत फाइल वाचत बसले असताना त्यांच्या खोलीतही अंधार झाला होता. ऑफिसातली मंडळी पाठीमागे त्यांना 'बिजली विभाग' म्हणत. विश्वनाथांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना जरा अभिमानच होता.

घरी या खोडीचा ताप सरलाबाईंना. लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाथरूमचं बटण बाहेरच्या भिंतीवर होतं. सरलाबाई आंघोळीला गेलेल्या असायच्या, विश्वनाथ पेपर वाचत तिथून जायचे, हात आपोआप बटणाकडे वळायचा, आणि आतून आवाज यायचा, "अहो, मी आत आहे!" आठवड्यातून दोनदा तरी हे व्हायचंच. त्यांची मुलगी देविका लहानपणी पाहुण्यांसमोर आईची ही नक्कल करून दाखवायची आणि सगळे पोट धरून हसायचे.

आता सरलाबाई नव्हत्या, आणि जानेवारीपासून विश्वनाथांनी घरातला एकही दिवा बंद केला नव्हता. जूनची भर दुपार, बाहेर डोळे दिपवणारं ऊन, आणि घरात स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत सगळे दिवे चालू. देविका वॉकर टेकत खोलीतून बाहेर यायची. "बाबा, दिवाळी आहे का घरात?" म्हणायची आणि एकेक बटण बंद करत जायची. ती आत गेली की विश्वनाथ उठून सगळे पुन्हा लावायचे. बाथरूमच्या बटणाला मात्र दोघंही हात लावत नसत. तिथला दिवा जानेवारीपासून विझलाच नव्हता.

शिवाय टिकटिक होती. देविकासाठी ते रजा घेऊन घरीच होते; दुपारी घर शांत झालं की ती सुरू व्हायची. आधी त्यांना वाटलं, भिंतीवरचं घड्याळ असेल. त्यातला सेल काढून ठेवला. मग नळ पाहिले, फ्रिज बंद करून पाहिला, वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी करून आले. आवाज काही थांबेना. एका दुपारी तो आवाज कसला ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते पलंगावर तसेच बसून राहिले. गाडीचे पार्किंगचे दिवे लुकलुकायला लागले की आत बसलेल्यांना येतो तो आवाज होता. त्या दिवशी गाडीत तो यायला हवा होता आणि आला नव्हता. आता रोज येत होता, आणि तो बंद करायचं बटण 'बिजली विभागा'ला सापडत नव्हतं.

तो दिवस संक्रांतीचा. दिल्लीतली बरीच मराठी माणसं चौदा जानेवारीला पानिपतला जातात. १७६१ साली तिथे जे पडले त्यांच्या स्मारकापाशी उभं राहायचं, तिथली माती कपाळाला लावायची, एकमेकांना तिळगूळ द्यायचा आणि परतायचं. विश्वनाथांच्या मराठी मंडळाचा एक नियम होता, आणि तो त्यांनीच केला होता: पानिपतावरून येताना कुणाला मागे सोडायचं नाही. मागची गाडी दिसेनाशी झाली की पुढच्याने थांबायचं. एरवी चार-पाच गाड्या असायच्या, यंदा धुक्यापायी दोनच निघाल्या. त्यात टिपणीसांच्या जुन्या गाडीची बॅटरी उतरलेली. स्मारकाच्या गेटबाहेर दुसऱ्या गाडीतल्या जयंत लिमयांनी आणि आणखी तिघांनी ढकलून ती सुरू करून दिली होती.

परतताना महामार्गावर जयंतरावांची गाडी मागे दिसेना. नियम तो नियम. विश्वनाथांनी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, लावलेले पार्किंगचे दिवेही बॅटरी वाचावी म्हणून बंद केले आणि मागे बघायला खाली उतरले. वीसेक पावलं गेले असतील. एक ट्रक त्यांच्या शेजारून भरधाव गेला, धुक्यात नाहीसा झाला, आणि मग तो आवाज झाला. मागच्या सीटवरच्या सरलाबाई जागीच गेल्या. पुढे बसलेल्या देविकाचा डावा पाय मांडीपासून चिरडला. रस्ताभर तिळगूळ सांडला होता. जयंतराव मागे एका ढाब्यावर चहा प्यायला थांबले होते.

पोलिसाने विचारलं, "बत्ती चालू थी?" विश्वनाथ म्हणाले, "जी, चालू थी." एवढंच. ट्रकवाला ओरडून सांगत होता की गाडीला दिवा नव्हता, पण त्याचं कोण ऐकतो? इकडे कपाळावर माती असलेला, रडणारा सरकारी अधिकारी, तिकडे धुक्यातून भरधाव आलेला ट्रक. कागदावर लिहिलं गेलं ते विश्वनाथांचं.

हे आपण देविकासाठी केलं असं ते स्वतःला सांगत. तिची तीन ऑपरेशनं झाली होती, चौथं व्हायचं होतं, आणि गुरुग्रामची नोकरी कधी पुन्हा सुरू होईल याचा पत्ता नव्हता. नुकसानभरपाईचा दावा लावायला हवा होता. दिवे बंद होते असं निघालं तर दावा बुडणार आणि मुलगी आयुष्यभर अधू राहणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. शिवाय देविकाला कळलं असतं की आईला कुणी मारलं. या दोन भीतींपैकी मोठी कोणती, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

वकिलांची काही वाण नव्हती. अपघाताच्या दिवसापासून त्यांची कार्डं येत होती: इस्पितळाच्या लिफ्टमध्ये, अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याच्या खिशातून, एकदा तर औषधांच्या पुड्यातून. विश्वनाथ ती सगळी खणात टाकत आणि खण लावून घेत. दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो. जून संपत आला तेव्हा देविकानेच विषय काढला.

"बाबा, तेरा जुलैला सहा महिने होतात. कृतिकाच्या ओळखीचा एक आहे गुरुग्रामला. उद्या जायचं."

कृतिका तिची ऑफिसमधली मैत्रीण. विश्वनाथ म्हणाले, "ऊन फार आहे गं." देविका नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

अंशुमन नावाच्या त्या वकिलाचं ऑफिस एका टॉवरच्या एकोणिसाव्या मजल्यावर होतं. काचेच्या भिंती, लांबलचक टेबल, आणि घसा दुखावा असा थंडगार एसी. माणूस तरुण, गोड बोलणारा. पोलिसांचे कागद त्याने चाळले आणि त्याचा चेहरा फुलला.

"सर, बहुत क्लीन केस है. फॉग था, आपने साइड में रोकी, लाइट्स ऑन थीं. ऑन थीं ना?"

"जी," विश्वनाथ म्हणाले.

"बस. यही बोलना है. क्रॉस में कोई कितना भी घुमाए, लाइट्स ऑन थीं. एक बार फिर से बोलिए, सर, शुरू से."

विश्वनाथ सुरुवातीपासून बोलू लागले. गाडी कडेला घेतली इथपर्यंत आले आणि खोलीतले दिवे गेले. सगळे, एकदम. खिडक्यांवर उन्हासाठी जाड पडदे ओढलेले होते. त्या अंधारात टिकटिक सुरू झाली, अगदी कानाशी, आणि तिच्या मागून नेहमीच्या, थोड्या वैतागलेल्या आवाजात सरलाबाई म्हणाल्या, "अहो, मी आत आहे."

विश्वनाथांच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला.

"अरे सर, सॉरी सॉरी," अंशुमन हसत होता. "सेन्सर है. कोई हिले नहीं तो खुद बंद हो जाती हैं. हाथ हिला दीजिए."

देविकाने हात वर केला. दिवे आले. विश्वनाथ टेबलाची कड धरून बसले होते आणि एसीतही त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. असं ऑफिस आपल्याला सरकारने द्यायला हवं होतं, असं एरवी त्यांनी घरी येऊन चारदा सांगितलं असतं.

परतीच्या कॅबमध्ये देविका म्हणाली, "हा नको."

"का? चांगला होता की. म्हणाला क्लीन केस आहे."

"गाडीत मी पण होते ना? मला एक प्रश्न नाही विचारला त्याने. एकदाही नाही."

विश्वनाथांनी खिडकीबाहेर बघितलं. तिला कुणी विचारू नये हेच तर त्यांना हवं होतं.

दुसरं नाव जयंतरावांनी दिलं. त्या ढाब्यावरच्या चहापासून जयंतराव टिपणीसांच्या डोळ्याला डोळा देत नसत. फोनवरही नाव आणि पत्ता सांगून त्यांनी घाईघाईने ठेवून दिला. शिवांजली घोरपडे. साताऱ्याकडच्या सुभेदार हिंदुरावांची मुलगी, दिल्ली कँटोन्मेंटमध्ये वाढलेली, बारा वर्षं अपघातांचेच दावे चालवणारी. तिचं चेंबर कोर्टाच्या आवारात, लोखंडी कपाट, टेबल आणि एक खडखडणारा कूलर मावेल एवढंच. दारापाशी पोचायला तीन पायऱ्या होत्या. देविका त्या चढेपर्यंत शिवांजली स्वतः बाहेर येऊन उभी राहिली. हात धरला नाही, घाई केली नाही.

"बसा, काका. पाणी घ्या आधी," ती म्हणाली. "हे बघा, माझी एक पद्धत आहे. ती चालत नसेल तर दुसरा वकील बघायचा, मला बिल्कुल राग नाही. गाडीत जे जे होते ते एकेकटे आत येणार. मी विचारणार नाही, तुम्ही लिहायचं. गाडी थांबली तिथपासून ट्रक आला तिथपर्यंत, जसं झालं तसं. मग दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवून वाचणार. आमचे पप्पा कंपनीत काही घडलं की जवानांना असेच वेगवेगळे बसवायचे. एकमेकांसमोर माणूस दुसऱ्याला सांभाळून घेतो ना."

"कागद कोर्टात जातो?" विश्वनाथांनी विचारलं.

"कुठेच जात नाही. पण तो वाचल्यावर मी केस घ्यायची की नाही ते ठरवते. देविका, तू आधी."

दार लागलं. बाहेर कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता, त्यावर विश्वनाथ बसले. उन्हाळ्याची गरम लू वाहत होती. आवारात टायपिस्ट होते, चहावाले होते, काळ्या कोटांची गर्दी होती, आणि त्या सगळ्या गलक्यात टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. त्या दिवशी गाडीत देविका झोपली होती, ते मनात घोकत राहिले. डोळे मिटलेले होते तिचे. काय लिहिणार ती? आठवत नाही म्हणेल. पोलिसांनाही तसंच म्हणाली होती. वीस मिनिटं झाली. काहीच आठवत नसेल तर माणूस वीस मिनिटं काय लिहितो?

देविका बाहेर आली. डोळे लाल होते. बापाकडे न बघता ती बाकावर बसली. "जा," एवढंच म्हणाली.

आत शिवांजलीने कोरा कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं. देविकाचा कागद टेबलावर पालथा ठेवलेला होता. विश्वनाथांनी तारीख घातली, वेळ घातली, हवामान लिहिलं. ऑफिसच्या टिपणीसारखं छान लिहिलं जात होतं. 'वाहन रस्त्याच्या डाव्या कडेस थांबविण्यात आले,' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं.

"एक विचारू?" ते म्हणाले. "समजा. नुसतं समजा हं. दिवे चालू नव्हते असं निघालं, तर मुलीच्या दाव्याचं काय होतं?"

शिवांजलीने त्यांच्याकडे पाहिलं. घाईने नाही.

"देविकाच्या? काही नाही."

"म्हणजे?"

"ती गाडीत बसलेली होती, काका. चालवत नव्हती. चूक ट्रकवाल्याची असो, तुमची असो, नाहीतर दोघांची असो, तिची तर नाही ना? तिचे पैसे कापत नाहीत. ती सगळी रक्कम ट्रकच्या विमा कंपनीकडे मागू शकते. मग कुणी किती सोसायचं ते चूक करणाऱ्यांनी आपसात बघायचं. फरक पडेल तो तुम्हाला. काकूंच्या दाव्यात तुमचा जो वाटा आहे, त्यात. आणि पोलिसांना काय सांगितलं त्याचं जे होईल, ते तुम्हालाच निस्तरावं लागेल. मी मदत करीन. पण तुम्हाला."

"तिला काहीच नाही?"

"तिला काहीच नाही."

साडेपाच महिने ज्या ढालीमागे विश्वनाथ उभे होते, ती कुणीतरी हळूच काढून घेतली होती आणि मागे देविका नव्हतीच. मागे फक्त ते होते. पोरीचं नाव पुढे करून त्यांनी स्वतःला झाकलं होतं, आणि एका ट्रकवाल्याला खोटं ठरवलं होतं, ज्याने अतिवेगाने गाडी मारली खरी, पण दिव्याबद्दल खरं सांगितलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की मान वर करवेना.

त्यांनी लिहिलेल्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि खाली साध्या मराठीत लिहायला घेतलं.

'मी गाडी थांबवली. पार्किंगचे दिवे लावले होते. टिकटिक वाजत होती. स्मारकापाशी गाडी ढकलावी लागली, त्याची मला लाज वाटली होती. पुन्हा तसं नको म्हणून मी दिवे बंद केले. सरला मागून म्हणाली, अहो, आम्ही आत आहोत, दिवे तरी राहू द्या. मी म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम आहे. ती हसली. म्हणाली, तुमचा हात काही राहायचा नाही. मी दार लावून मागे चालत गेलो. ट्रक आला तेव्हा मी हात हलवला, पण त्याला मी दिसलो नाही.'

कागद त्यांनी पालथा घातला. शिवांजलीने तो उचलला नाही. पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि ग्लास रिकामा होईपर्यंत ती थांबली.

"मी केस घेते, काका," ती म्हणाली.

बाहेर देविका तशीच बसली होती. विश्वनाथ तिच्या शेजारी बसले. तिच्याकडे न बघता, समोरच्या चहावाल्याकडे बघत ते म्हणाले, "देवू, दिवे मी बंद केले होते. आई नको म्हणत होती."

देविकाने वॉकर बाजूला सारला.

"मी जागी होते, बाबा."

"तुझे डोळे..."

"मिटले होते. ऐकलं सगळं. आई काय म्हणाली ते, तुम्ही काय म्हणालात ते. टिकटिक बंद झाली तेही."

"मग पोलिसांना तू आठवत नाही असं..."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." ती त्यांच्याकडे वळली. "रोज वाटायचं, आज सांगतील. तुम्ही दिवे लावत सुटायचात, घड्याळाचा सेल काढायचात, पण सांगायचा नाहीत. आज तुम्ही त्या कागदावर खोटं लिहून आला असतात ना, तर मी इथूनच कृतिकाकडे जाणार होते राहायला. बॅग तिने कालच नेलीय. मला तुमचा इतका राग आहे, बाबा, काय सांगू. आणि तुम्ही दुपारी एकटे पलंगावर बसलेले दिसता तेव्हा मला रडू पण येतं. दोन्ही होतं."

विश्वनाथांनी मान हलवली. माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द फार छोटा वाटला. त्यांनी विचारलं, "घरात दुपारी तुला काही ऐकू येतं का?"

देविकाने डोळे पुसले. "बाथरूमपाशी," ती म्हणाली. "म्हणून तर मी त्या बटणाला हात लावत नाही."

मग देविकाने फोन काढला आणि कॅब बोलावली. पत्ता तिने लक्ष्मीबाई नगरचा घातला, हे विश्वनाथांनी तिच्या खांद्यावरून पाहिलं.

कॅब गेटापाशी येऊन रस्त्याच्या कडेला थांबली. ड्रायव्हरने पार्किंगचे दिवे लावले. विश्वनाथांनी मागचं दार उघडलं आणि टिकटिक त्यांच्या कानावर आली, स्पष्ट, गाडीतून येणारी, सगळ्यांना ऐकू येणारी. देविकाने वॉकर त्यांच्याकडे दिला, दाराला धरून ती वळली आणि अर्धी आत बसली. डावा पाय अजून बाहेर होता. मागून बस आणि रिक्षा अंगावरून जाव्यात तशा चालल्या होत्या. वॉकर डिकीत ठेवायला म्हणून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि त्याचा हात दिव्यांच्या बटणाकडे गेला.

"बंद मत करना!" विश्वनाथ इतक्या जोरात ओरडले की चहावाल्याने वळून पाहिलं.

ड्रायव्हर दचकला. "क्या हुआ, अंकल?"

"बत्ती चालू रहने दो, भैया." त्यांचा आवाज खाली आला. "वो अंदर है."

ड्रायव्हरने हात मागे घेतला. देविकाने बापाकडे एकदा पाहिलं, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. ते होईपर्यंत विश्वनाथ दार धरून, मागून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून उभे राहिले.